घरातील ध्वनिमुद्रिका: बेळगाव सीमाभागातील श्रोत्यांचे अनुभव

गाण्याच्या ध्वनिमुद्रिकांनी आपल्याला काय दिले, हे आपण एकमेकांना कधी सविस्तर सांगितलेले नाही, म्हणून हा धागा. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना त्यांनी अब्दुल करीम खाँ यांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटी रागातील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गाणे शिकायचेच म्हणून 1933 मध्ये ते घर सोडून निघाले, ही हकीकत आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत. या मुलखात तबकडीने अशी कित्येकांना गुरूच्या घरची वाट दाखविली आहे. शास्त्रीय, भक्तिसंगीत, फ्यूजन, कशाचाही अनुभव लिहावा. मात्र ‘फार सुंदर’ एवढ्यावर न थांबता ती मुद्रिका कोणती, हाती कशी आली आणि तिच्यामुळे तुमच्या ऐकण्यात नेमका काय फरक पडला, हेही लिहावे, ही विनंती.

शहापूर, बेळगाव (निवृत्त शिक्षक)

आमच्या अण्णांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांकडे, चावीचा ग्रामोफोन आणि चाळीसएक तबकड्या होत्या. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे चाले, आणि प्रत्येक बाजूनंतर पोलादी सुई बदलावी लागे, कारण झिजलेली सुई खोबणी खरवडते. वापरलेल्या सुया अण्णा एका तपकिरीच्या डबीत साठवीत आणि आम्हा मुलांना त्या मोजायला देत. वर उल्लेख आलेली झिंझोटी आमच्याकडे होती. पुढे मैफली ऐकू लागल्यावर मला प्रश्न पडला, की तासभराच्या गाण्यातही जे कधीकधी सापडत नाही ते या तीन मिनिटांत कसे भेटते. अनेकदा ऐकल्यावर असे वाटते, की खाँसाहेब तीन मिनिटांत राग ‘आटोपत’ नाहीत. ते एक सूर लावून त्याच्यावर निवांत थांबतात, आणि त्या थांबण्यामुळे वेळ मोठा झाल्यासारखा वाटतो. विलंबित म्हणजे केवळ संथ लय नव्हे, हे मला या तबकडीने शिकविले.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो, कारण त्यांपैकी एकीची किंमत मी मोजलेली आहे. अण्णा गेल्यानंतर तबकड्यांवर साचलेली काजळी काढावी म्हणून मी एकीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करण्यासाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच भिजवतो, हे मी लहानपणापासून पाहिलेले होते, तरीही त्या क्षणी ते सुचले नाही. कापड तपकिरी झाले आणि तबकडीची चकाकी गेली. त्या तबकडीवर आता केवळ खरखर उरली आहे आणि त्याची बोच आजही आहे. साध्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मधले लेबल भिजू न देता, खोबणीच्या दिशेने मऊ कापड गोल फिरवावे आणि तबकडी सावलीत वाळवावी. याहून अधिक काही करू नये.

दुसरी गोष्ट वेगाची. त्या काळातील सगळ्याच तबकड्या मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. 78 ची तबकडी 82 ने फिरवली, तर आवाज पेटीच्या जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि लयही वाढते. संगणकावर उतरवून घेतलेली जुनी गाणी ऐकताना ‘पूर्वीचे लोक किती चढ्या पट्टीत आणि किती जलद गात’ असे आपण म्हणतो, तेव्हा निदान काही वेळा तो दोष उतरवून घेणाऱ्याच्या यंत्राचा असतो.

खानापूर तालुका (भजनी मंडळातील पेटीवादक)

आमच्या गावात आठवड्याच्या भजनात आणि एकादशीला पारंपरिक चालीच म्हटल्या जात. पंडित भीमसेन जोशींच्या अभंगवाणीची कॅसेट गावात आली आणि दोन वर्षांत आमचे भजन बदलून गेले. राम फाटक यांची चाल असलेला नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ सगळ्यांना पाठ झाला. त्या चालीतून मला अहीरभैरव राग कळला, हे ऋण मी मान्य करतो. परंतु मैफलीचा अभंग आणि वारकऱ्यांचा अभंग यांचे काम वेगवेगळे आहे. मैफलीत एक गवई स्वराला खुलवतो आणि बाकीचे ऐकतात. भजनात पंचवीस माणसांनी टाळ धरून एका दमात चरण उचलायचा असतो. चाल अवघड झाली की मागच्या ओळीतील म्हातारी माणसे नुसते ओठ हलवतात, हे मी पेटीवर बसून अनेकदा पाहिले आहे.

आमच्या आजोबांच्या आवाजातील रूपाचे, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारे, अभंग आणि दोन गौळणी एका कॅसेटवर होत्या. घरातील लग्नात रिकामी समजून त्याच कॅसेटवर सनई-चौघडा मुद्रित केला गेला. शेवटी दीड मिनिट आजोबा राहिले आहेत. आमच्याकडचा पाऊस चार महिने भिंती ओल्या ठेवतो, कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि ती तशीच वाजवली तर यंत्राच्या हेडवर बसून पुढची चांगली कॅसेटही खराब करते. बुरशीखेरीज चुकून पुसले जाण्याचीही भीती असते, म्हणून ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे तिच्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही. मी गेली तीन वर्षे आसपासच्या गावांत जाऊन वृद्ध भजनकऱ्यांच्या चाली मोबाइलवर मुद्रित करीत आहे आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला गाव, तारीख आणि अभंगाचे नाव तोंडाने सांगून ठेवतो.

चिकोडी (गृहिणी)

माझे माहेर कानडी, सासर मराठी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाई आणि मी एकमेकींशी मोजकेच बोलत असू. घरात पहाटे त्यांचे अभंग लागत. एके दिवशी मी धीर करून मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेले ‘अक्का केळव्वा’ हे कानडी संत कवयित्री अक्कमहादेवींचे वचन लावले. सासूबाई हातातील निवडायचे तांदूळ तसेच ठेवून ऐकत बसल्या आणि याचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले. ‘अक्का, ऐक गं, मी एक स्वप्न पाहिले’, एवढी पहिली ओळ मी मराठीत सांगितली. त्या म्हणाल्या, ही तर आपली जनाबाई. त्यानंतर भीमसेनजींनी गायलेले पुरंदरदासांचे ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ दर शुक्रवारी आमच्या घरी लागत आले आहे, आणि सासूबाईंना ते अर्थासकट पाठ झाले.

अनगोळ, बेळगाव (अभियंता)

माझी सुरुवात उलट्या टोकाने झाली. वसतिगृहात एका मित्राने ‘शक्ती’ या वाद्यवृंदाचा 1976 चा पहिला अल्बम ऐकवला. जॉन मॅकलॉफलिन यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे मातीचा घडा. मला त्यातील वेग आवडला होता, एवढेच. पुष्कळ वेळा ऐकल्यावर लक्षात आले, की येथे पूर्व-पश्चिमेच्या भेटीइतकीच मोठी भेट तबला आणि घटम यांची, म्हणजे हिंदुस्थानी आणि कर्नाटक तालपद्धतींची आहे. तबल्याचे बोल कुठे संपतात आणि घटमचे कुठे सुरू होतात ते ओळखण्यासाठी मी तीनताल हातावर मोजायला शिकलो, आणि तेथून ख्यालाकडे आलो. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी संतूर, बासरी आणि गिटार एकत्र आणली, तेथेही गिटार रागाच्या शिस्तीत राहते. माझे मत असे झाले आहे, की ज्या फ्यूजनमध्ये वादक एकमेकांचे ऐकतात ते टिकते. एखाद्या जुन्या आलापीखाली ड्रमचा ठेका चिकटवण्याने मात्र आलापातील श्वासच नाहीसा होतो.

सांबरे (विद्यार्थिनी)

बेळगावहून मिरजेकडे जाताना सुळेभावी स्थानक लागते, तेव्हा मी कानात कुमारजी लावते. त्यांच्या बालपणीच्या तबकड्या आणि ‘उड जाएगा हंस अकेला’ एकापाठोपाठ ऐकाव्यात. आधीच्या गाण्यात तानांचा पूर आहे; क्षयाच्या आजारात काही वर्षे गाणे बंद राहिल्यानंतर, 1948 पासून देवासला राहून, त्यांनी जी गायकी घडवली तिच्यात छोटे छोटे स्वरसमूह आणि त्यांच्यामधली शांतता आहे. मी गाणे शिकते आणि माझा दम लहान आहे, म्हणून मला या दोन मुद्रिका एकत्र ऐकण्याची गरज वाटते.

निपाणी (तंबाखू व्यापारी)

आमच्या वडिलांनी रात्री आकाशवाणी धारवाडवरून मारवा रागाचे एक गाणे कॅसेटवर उतरवून घेतले होते. निवेदन संपल्यावर बटण दाबल्यामुळे गायकाचे नाव त्यात आले नाही, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीसच मिनिटांची असल्याने द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, अर्ध्यावर तुटला. वडील तो मारवा संध्याकाळी वखारीतून आल्यावर ऐकत आणि ‘कोण हे बुवा, काय भारदस्त आवाज आहे’ असे म्हणत. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी हुबळीच्या एका जाणकार स्नेह्यांना मी ती ऐकवली. दोन आवर्तने होताच ते म्हणाले, की हे बुवा नव्हेत, या गंगूबाई हनगल आहेत. गळ्यावरील उपचारांनंतर गंगूबाईंचा आवाज असा जाड झाला. त्यापूर्वी, 1930 च्या दशकात, गांधारी हनगल या नावाने निघालेल्या त्यांच्या तबकड्यांतील आवाज बारीक आणि टोकदार आहे, आणि त्यांत जी. एन. जोशी यांच्याबरोबर गायलेली मराठी भावगीतेही आहेत. त्याही मी शोधून ऐकल्या; दोन्ही आवाजांत सुरावर ठामपणे उभे राहण्याची रीत तीच आहे. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर वडिलांनी लिहिलेले ‘गायक माहीत नाही’ हे शब्द मी खोडले नाहीत. त्यांच्याखाली नाव आणि राग लिहिला, आणि ज्या दिवशी कळले ती तारीख.