मदत हवी आहे : वेल्डिंगच्या सरावासाठी व्हीआर हेडसेट कोणता घ्यावा?

राजेहो, दारव्हा तालुक्यात आयटीआयच्या पोरांना वेल्डिंग शिकवतो. नवीन पोरगं रॉड टेकवतं अन् तिथंच चिकटवून बसतं. रॉड, पत्रा, वीज सगळं वाया. व्हीआर सिम्युलेटरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी वेल्डिंगचा सराव) रॉडचं अंतर, कोन, हाताचा वेग लगेच मोजून दिसतो, म्हणून सुरुवातीच्या सरावापुरता तो हवा आहे. (धग त्यात नाही, खरं वेल्डिंग करावंच लागेल.) फोन घालून डोळ्यांना लावायचा पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड कामाचा नाही, त्यात हाताची हालचाल पकडली जात नाही. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारखा, कॉम्प्युटरशिवाय चालणारा हेडसेट पुरेल का? ऑफलाइन चालणारं वेल्डिंगचं ॲप कुणी वापरलंय? इथं नेट अन् लाइट, दोन्हींचा भरवसा नाही. अन् उन्हाळ्यात वर्कशॉपची भट्टी होते, तेव्हा एकच हेडसेट वीस पोरांत फिरवताना घामाचं काय करता?