नेहारी प्रश्न: दोन कोड, दोन उत्तरं, नॉर्म एकच. बरोबर कोणतं?

प्रश्न
२×२ स्थिर (सगळे पोल, म्हणजे छेद शून्य करणारी एसची मूल्यं, डाव्या अर्ध्या प्रतलात) ट्रान्सफर मॅट्रिक्स (इनपुटवरून आउटपुट देणारी) G, पुढे 'जी': कर्णावर १/(एस+१) आणि १/(एस+४), बाकी शून्य. सगळे पोल उजव्या अर्ध्या प्रतलात असलेली, तिच्या सर्वांत जवळची क्यू हवी आहे (स्थिरांक चालतील). एका कोडने कर्णावर ०.५ आणि ० दिलं, दुसऱ्याने ०.५ आणि ०.१२५. त्रुटीचा (जी उणे क्यू) इन्फिनिटी नॉर्म, म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सींतली सर्वांत मोठी त्रुटी, दोन्हीकडे ०.५. कोणतं धरू? आणि कर्णरूप नसेल तेव्हा काय करायचं?

उत्तर १
नेहारीच्या अर्थाने, म्हणजे फक्त हा नॉर्म किमान हवा असेल तर, दोन्ही बरोबर. नॉर्म फक्त सर्वांत मोठं सिंग्युलर मूल्य (मॅट्रिक्स सदिशाला किती पट ताणते ते) बघतो. १/(एस+१) उणे ०.५ म्हणजे (१−एस)/(२(एस+१)), प्रत्येक फ्रीक्वेन्सीला नेमकं ०.५, याहून कमी होत नाही. दुसऱ्या घरात मात्र मोकळीक आहे: ० ठेवलं तर त्रुटी ०.२५, ०.१२५ ठेवलं तर ०.१२५.

एक चॅनल वाईट आहे म्हणून दुसराही ढिला सोडणं कंट्रोलरच्या कामात परवडत नाही. तेव्हा ०.१२५ घ्या. हेच सुपरऑप्टिमल उत्तर: आधी पहिलं सिंग्युलर मूल्य किमान, मग त्या उत्तरांतून दुसरं किमान. रॅशनल जीसाठी ते एकमेव असतं. पेलर आणि यंग यांनी १९९४ मध्ये याहून व्यापक वर्गासाठी ते सिद्ध केलं.

उत्तर २
कर्णरूप नसेल तर सर्वांत मोठ्या हँकेल सिंग्युलर मूल्याची (जीच्या हँकेल ऑपरेटरचं, म्हणजे मागच्या इनपुटवरून पुढचं आउटपुट देणाऱ्या ऑपरेटरचं, सिंग्युलर मूल्य) श्मिट जोडी, म्हणजे त्याचे दोन सिंग्युलर सदिश, काढा. दोन्ही सदिशांतला सामाईक बाह्य (आउटर, उजव्या अर्ध्या प्रतलात शून्यं नसलेला) घटक भागून टाका, उरलेले स्तंभ चौरस युनिटरी (लांबी न बदलणाऱ्या) मॅट्रिक्सपर्यंत पूर्ण करा आणि त्यांनी त्रुटीला दोन्ही बाजूंनी गुणा. पहिला ठोकळा सुटा होतो. उरलेल्यावर पुन्हा नेहारी. दुसरी त्रुटी म्हणजे जीचं दुसरं हँकेल मूल्य, असं समजू नका. वरच्या उदाहरणात ते जुळलं, एरवी जुळेलच असं नाही.

उत्तर ३
हँकेल मूल्यांचं गणन करताना दोन ग्रामियनांचा (नियंत्रणक्षमता आणि निरीक्षणक्षमता मोजणाऱ्या मॅट्रिक्स) गुणाकार करून आयगेन मूल्यं काढू नका. डबल प्रिसिजनमध्ये सर्वांत मोठ्या मूल्याच्या सुमारे १०^−८ पटीखालचं सगळं हरवतं. दोन्हींचे चोलेस्की (त्रिकोणी) घटक घेऊन त्यांच्या गुणाकाराचं एसव्हीडी (सिंग्युलर मूल्यांत विघटन) करा.

इष्टतम क्यू देणाऱ्या ग्लोव्हरच्या १९८४ च्या सूत्रांत हँकेल मूल्यांच्या वर्गांच्या फरकाने भागावं लागतं. पहिली दोन मूल्यं जवळजवळ सारखी असली की तिथेच आकडे उडतात. त्यांना एकच पुनरावृत्त मूल्य धरा. सिग्मा (पहिलं हँकेल मूल्य) किंचित वाढवून पळवाट काढली तर त्रुटी सपाट राहत नाही आणि पुढचा ठोकळा सुटा होत नाही.

प्रत्येक फेरीनंतर तत्त्वतः रद्द व्हायला हव्या, पण आकड्यांत उरलेल्या स्टेट (अंतर्गत चल) काढून टाका, नाहीतर मॅट्रिक्स फुगत जाते. शेवटी त्रुटीच्या सिंग्युलर मूल्यांचा आलेख काढा: तुमच्या उदाहरणात ०.५ आणि ०.१२५ वर दोन आडव्या रेषा यायला हव्यात. ज्या फेरीची रेषा वाकडी आली, चूक त्याच फेरीत शोधा.