अनुभव धागा: नव्या गावातलं घर आपलं कधी वाटलं?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं उशिरा निजलेली. किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला पुढचं ऐकायचंय. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. पत्र्याच्या शेडमधून तिथं गेल्यावर घर आपलं कधी वाटलं? मी सुरुवात करते.

आमचं घर माळवदाचं. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढरी माती. ऐन उन्हाळ्यात आत गारवा असायचा. गळू नये म्हणून आजोबा दर पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायचे. त्याच मातीखाली आजी गेली. मी 9 वर्षांची होते. आजोबांनी ढिगाऱ्यातून सागवानी चौकट काढली आणि शेडमागं पोत्यात गुंडाळून ठेवली. नवं घर मिळालं 450 चौरस फुटांचं. चौकट काही बसेना. सुतारानं ती चार बोटं कापली तेव्हा आजोबा पाठ करून उभे होते. उजव्या अंगाला आजीनं सणासुदीला लावलेल्या कुंकवाचे थर तसेच राहिले. त्या चौकटीतून आत गेले आणि मला घर आपलं वाटलं. आजोबा मात्र शेवटपर्यंत अंगणातच झोपले.

सास्तूरकडची लेक: घर पक्कं होतं, तक्रार नव्हती. शेजार तुटला त्याचं काय? घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. भावकी एकीकडं, रोजचं येणं-जाणं असलेली माणसं दुसरीकडं. आई म्हणायची, "हाक मारली तर कुणाला ऐकू जाईना बघ." दुपारी ती जुन्या गावठाणात जायची आणि आमच्या जागेवर उगवलेल्या बाभळीखाली बसायची. मी चिडायचे. आता माझं मलाच वाईट वाटतं.

उमरगा तालुक्यातला गवंडी: आमचं गाव हललं नाही, जागेवरच दुरुस्ती झाली. माझ्या बापानं बांधलेल्या भिंती मीच फोडून बघितल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधी नुसती माती आणि बारके दगड. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. हादरा बसला की थर फाकणारच, आणि मग माळवद खाली. आम्ही भिंतीत भोकं पाडून सळई घातली, काँक्रीट भरलं, वरून चौफेर पट्टा बांधला, माळवदाची माती उतरवली. बाप बघत बसायचा. एकदा म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही रं." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बांधणाऱ्यांना ही गोष्ट आधी शिकवायला पाहिजे होती, हे मी आजही प्रत्येक पोराला सांगतो.

औसा तालुका: 1992 सालीही हादरे बसायचे. आम्ही महिनाभर बाहेर झोपलो, पुन्हा आत गेलो. त्यामुळं नव्या घरातही 'आता काही होत नाही' असं म्हणायची जीभ कधी झाली नाही.

1996चा जन्म: मला नवं गाव पहिल्यापासूनच आपलं. रुंद रस्त्यावर सायकल शिकले. फक्त बाबा अजून रात्री दाराला आतून कडी लावू देत नाहीत.