मदत हवी आहे: साध्या सबस्क्रायबरला प्लगिनची सेटिंग्ज बदलता येतायत

मंडळी, एका वर्डप्रेस साइटचं काम माझ्याकडे आहे. तिथल्या फॉर्मच्या प्लगिनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भोक अजून बुजलेलं नाही. काल चाचणीच्या साइटवर सबस्क्रायबर (सगळ्यात कमी अधिकारांचं खातं) म्हणून लॉगिन केलं, अ‍ॅडमिन-एजॅक्सला (पानांच्या मागून येणाऱ्या रिक्वेस्ट घेणारी वर्डप्रेसची फाइल) थेट रिक्वेस्ट पाठवली आणि सेटिंग्ज गुपचूप सेव्ह झाली! त्या खात्याला मेनू दिसत नाही, पण मेनू लपवणं म्हणजे दाराला नुसता पडदा. कुलूप कुठाय?

कोड उघडला. सेव्हचं फंक्शन 'डब्ल्यूपी_एजॅक्स_' हुकला (वर्डप्रेसने फंक्शन अडकवायला दिलेली खुंटी) जोडलंय, म्हणजे लॉगिन केलेल्या कुणासाठीही चालतं. आत तपासणी एकच, 'इज_अ‍ॅडमिन'. नावच फसवं! माणूस अ‍ॅडमिन आहे का, हे ते बघतच नाही. रिक्वेस्ट अ‍ॅडमिन बाजूची आहे का एवढंच बघतं, आणि अ‍ॅडमिन-एजॅक्सला नेहमी 'हो' म्हणतं. नॉन्स (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली का हे तपासायचा कोड) आहे, पण तो प्रोफाइलच्या पानावरही छापला जातो, म्हणजे सबस्क्रायबरला आयताच.

मी 'करंट_यूजर_कॅन'ने 'मॅनेज_ऑप्शन्स' (साइटची सेटिंग्ज बदलायचा अधिकार) तपासलं, आता ४०३ (परवानगी नाही) येतो. पण प्लगिन अपडेट झालं की माझा बदल पुसला जाणार. मस्ट-यूज प्लगिनमधून (वेगळ्या फोल्डरमधलं, आपोआप चालू राहणारं प्लगिन) त्याच हुकवर आधीच्या प्रायॉरिटीने ही तपासणी लावली तर चालेल का? कुणी केलंय?

शिवाय आलेल्या फॉर्मची यादी देणाऱ्या रेस्ट रूटला (माहिती देणारा वेब पत्ता) परमिशन कॉलबॅक (परवानगी तपासणारं फंक्शन) म्हणून '__रिटर्न_ट्रू' दिलंय, म्हणजे कुणालाही 'हो'. तो रूट प्लगिनच्या बाहेरून कसा बंद करू?

डेव्हलपरला दोन मेल केले, उत्तर नाही. आता कुणाला कळवायचं?