मदत हवी आहे : जुनी टाटा-मर्सिडीज बस, साल आणि हीटर प्लग

मंडळी, इंदूरला मामांच्या आवारात उभी असलेली टाटा-मर्सिडीज बस पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. अशा गाड्या भंगारातच गेल्या, ही जाऊ द्यायची नाही. जाळीवरचा तीन टोकांचा तारा शाबूत आहे, म्हणजे टेल्को (टाटांची ट्रक-बस बनवणारी कंपनी) आणि मर्सिडीजवाली डेमलर-बेंझ यांचा करार होता त्या १९५४ ते १९६९ मधली. बाजूचा निळा रंग खरवडल्यावर ‘मध्य’ एवढंच वाचता आलं. त्या शब्दाच्या पुढचा पत्रा बदललेला. तिथे ‘भारत’ असेल तर गाडी बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतली, कारण नोव्हेंबर १९५६ मध्ये मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं. घरी त्या काळच्या बसचे फोटो किंवा तिकिटं असतील तर कृपया टाका, अक्षरांची धाटणी ताडून पाहता येईल.

दुसरं, इंजिन. सहा सिलिंडर, ४.६ लिटर, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं, तसलं). हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना ते कप्पे तापवणारे) एकाच माळेत जोडलेले, एक जळला की सगळे थंड. आमचे दोन गेलेत. इंदूरचा सियागंज बाजार पालथा घातला. मिळतात ते एका तारेचे, हे दोन तारांचे. कुणाकडे जुने पडून आहेत का? लाकडी सांगाडा जोडणारा मिस्त्री देवास-उज्जैनकडे माहीत असेल तर तेही सांगा.