मदत हवी आहे: चालत्या गाडीत मीटर क्षणभर बंद पडतो

९ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. आठ-दहा दिवसांतून एकदा चालता चालता डॅशवरच्या मीटरचे सगळे काटे शून्यावर येतात आणि त्याच क्षणी स्टिअरिंग जड होतं. एक-दोन सेकंदांत सगळं पूर्ववत. इंजिन बंद पडत नाही, हेडलाइटही मिणमिणत नाहीत. बहुतेक वेळा अर्धा तास गाडी चालल्यावरच होतं. खड्ड्यांशी संबंध दिसला नाही. वळणावर स्टिअरिंग जड झालं तर काय, ही खरी धास्ती आहे.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. टर्मिनल आणि इंजिन-बॉडीमधली अर्थ (अर्थिंगची) पट्टी काढून घासून लावली. स्टार्टर फिरताना त्या पट्टीवर जेमतेम ०.१ व्होल्ट पडतो, म्हणजे ती ठीक असावी. चावी हलवून, डॅशखालची वायरिंग ओढून पाहिली, काही झालं नाही. स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) फक्त संपर्क तुटल्याचे जुने कोड. बाहेरून बसवलेली कुठलीही ॲक्सेसरी नाही.

गॅरेजवाले मीटर बदला म्हणतात. पण स्टिअरिंगही सोबत जातं, म्हणून मला दोघांचा सामायिक सप्लाय किंवा अर्थ, नाहीतर इग्निशन रिलेचा (चावी फिरवल्यावर सप्लाय जोडणारा विजेचा स्विच) संशय आहे.

माझ्याकडे मिन-मॅक्स (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रीडिंग) नोंदवणारा मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प आहे, ऑसिलोस्कोप नाही. एका वेळी एकच जागा जोडून गाडी चालवता येईल, शेजारी कुणीतरी बसलेलं असेल. तर आधी इग्निशन फ्यूजवर लक्ष ठेवू की मीटरच्या अर्थ पिनवर? आणि इतका छोटा झटका मिन-मॅक्समध्ये पकडला जातो का?