दुकानांची पार्किंग रात्री आपली, आपली दिवसा त्यांची. म्हणे सोपं आहे!

माजी_सेक्रेटरी: खाली दुकानं, वर फ्लॅट अशा इमारतीत वेळ ठरवून पार्किंग वाटून घ्या, असं काल इथे एकाने ठोकून दिलं. आमच्याकडे या! खाली दातांचा दवाखाना आणि मिठाईचं दुकान, पहिल्या मजल्यावर क्लास. दिवसा रिकामं काय असतं? निम्मे लोक घरून काम करतात, गाड्या हलतच नाहीत. रविवारी आमचे पाहुणे आणि मिठाईचं गिऱ्हाईक एकाच वेळी. ‘पाचच मिनिटं’ म्हणून लावलेली गाडी रूट कॅनाल संपेस्तोवर निघत नाही.

तळमजला: मीही मिठाईवालाच, कोथरूडात. मेंटेनन्स भरतो. रात्री शटर ओढलं की माझ्या जागेत वरच्यांच्या गाड्या, सकाळी माझा टेम्पो रस्त्यावर. तेव्हा कुणी सोसायटीचे नियम काढत नाही.

बी_विंग: ‘माझी जागा’ कुठून आली? सुप्रीम कोर्टाचा नहालचंद निकाल, २०१०. बिल्डरला स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली पार्किंग, विकताच येत नाही, ती सोसायटीची.

तळमजला: मग मी मोजलेली रोकड कोण परत देणार? तुम्ही?

खटपट्या: तो निकाल १९६३च्या मोफा या जुन्या फ्लॅट कायद्याखालचा. रेरा या नव्या बांधकाम कायद्यात नोंदलेल्या प्रकल्पांत उघडी पार्किंग विकता येत नाही, झाकलेली येते. महारेराने, म्हणजे त्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, २०२१ला परिपत्रकच काढलंय. करारनाम्यात जागेची नोंद आहे का, तेवढं सांगा.

तळमजला: इमारत २००४ची. बिल्डरने चिठ्ठी दिली होती.

बी_विंग: चिठ्ठी! आणि ऐट मालकाची. उपविधी वाचा, जागेपेक्षा गाड्या जास्त झाल्या तर दरवर्षी सोडत.

तळमजला: सोडतीला सभेत येता कधी? कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग तीच सात डोकी. मी असतो त्यात.

माजी_सेक्रेटरी: अहो, विषय वेळेचा होता! बिल्डरची उणीदुणी दुसरीकडे काढा.

घोडबंदरकर: ठाण्यात आमच्याकडे चालतं. खाली बँक आहे. संध्याकाळी सातनंतर तिच्या जागा रहिवाशांना, महिना भाड्याने. यादी वॉचमनकडे. सकाळी नऊनंतर गाडी दिसली की पुढच्या महिन्यात नाव कट. कटकट एकाचीच झाली, चेअरमनच्या जावयाची.

माजी_सेक्रेटरी: बँक! रविवारी बंद, गिऱ्हाईक सातच्या आत घरात. बरं, मान्य, बँक असेल तर चालेल. आमच्या मिठाईवाल्याच्या जागी एक आणून द्या, लगेच सही करतो.

तळमजला: करा करा. दिवाळीला काजूकतली मग बँकेतच मागा.